चारशे मीटरचे जहाज आणि सायखेड्याचा कांदा

९ जून २०२५ रोजी केरळच्या विळिंजम बंदरात ‘एमएससी इरिना’ नावाचे जहाज आले आणि देशभरातल्या वाहिन्यांनी त्याचे स्वागत केले. जगातील सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांपैकी हे एक. लांबी जवळजवळ ४०० मीटर, रुंदी ६१ मीटरच्या वर, आणि क्षमता वीस फुटी २४,३४६ कंटेनरची. बातमी अभिमानाची होती, यात शंका नाही. पण एवढ्या मोठ्या जहाजाचा आपल्याशी संबंध काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. आज आपण तोच प्रश्न निफाड तालुक्यातील सायखेड्यातून विचारणार आहोत.

सायखेडाच का? गोदावरीच्या काठावरचे हे गाव समुद्रापासून दूर आहे. पूर आला की चांदोरी-सायखेड्याचे नाव बातमीत येते, एरवी येत नाही. पण पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे आहे, रोज कांद्याचा लिलाव होतो, आणि आजूबाजूच्या शिवारात द्राक्षबागा पसरलेल्या आहेत. इथला कांदा श्रीलंका, मलेशिया आणि आखाती देशांत जातो. इथल्या पट्ट्यातली द्राक्षे रॉटरडॅमला उतरतात. म्हणजे इथल्या शेतकऱ्याचे, मापाऱ्याचे, हमालाचे, कांदा निवडणाऱ्या बायांचे आणि ट्रकचालकाचे पोट शेवटी न्हावा शेवाच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या जहाजाशी बांधलेले आहे. या कामात आपल्या समाजाचे लोकही आहेत, बाकी समाजांचेही आहेत. जहाज उशिरा आले तर झळ सगळ्यांना सारखीच बसते.

एका जहाजात किती माल?

आकड्यांवरून अंदाज येत नाही, म्हणून हिशेब वेगळ्या पद्धतीने करू. इरिनाची क्षमता चाळीस फुटी कंटेनरमध्ये मोजली तर बारा हजारांहून अधिक होते. हे कंटेनर नुसते एकामागे एक जमिनीवर ठेवले तरी रांग सुमारे १४८ किलोमीटर लांब होईल. सायखेड्यातून निघालेली ती रांग नाशिक, इगतपुरी, कसारा करत कल्याणच्या आसपास पोहोचेल. एवढा माल एक जहाज, पंचवीसेक खलाशी घेऊन, समुद्र ओलांडते.

ही गोष्ट एका दिवसात घडली नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ कंटेनर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. त्याआधी प्रत्येक पोते, प्रत्येक पेटी हमालाच्या पाठीवरून जहाजात जायची. कंटेनरने ते सगळे बदलले आणि मग जहाजे वाढतच गेली.

यात खरी उडी डेन्मार्कच्या मॅर्स्क कंपनीने घेतली. २०११ मध्ये तिने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीला ‘ट्रिपल ई’ वर्गाच्या जहाजांची ऑर्डर दिली. एकाच नकाशावर बांधलेली अशी वीस जहाजे. पहिले, ‘मॅर्स्क मॅक-किनी मोलर’, २०१३ मध्ये पाण्यात उतरले. लांबी ३९९ मीटर, रुंदी ५९ मीटर, क्षमता सुमारे १८,००० कंटेनर. तीन ‘ई’ म्हणजे मोठ्या आकारातून बचत, इंधनाची काटकसर आणि पर्यावरणाला कमी त्रास. ही जहाजे मुद्दाम कमी वेगाने चालतील अशी बनवली होती, कारण वेग थोडा कमी केला तरी इंधन खूप वाचते.

मग स्पर्धा लागली. जिनिव्हाच्या एमएससी कंपनीने २०१९ मध्ये ‘गुलसुन’ वर्ग आणला, २३,००० च्या पुढचा. तैवानच्या एव्हरग्रीनने २०,००० चा वर्ग बांधला, ज्यातले ‘एव्हर गिव्हन’ पुढे सुएझमध्ये अडकले. २०२३ मध्ये चिनी गोदीतून इरिना आणि तिच्या बहिणी बाहेर पडल्या. लांबी मात्र ४०० मीटरच्या आसपासच थांबली आहे, कारण बंदरे, क्रेन आणि कालवे यापुढे झेपत नाहीत. आता वाढ होते ती रुंदीत आणि उंचीत.

स्वस्त झाले, पण कुणासाठी?

कंपन्यांचे गणित सोपे आहे. जहाज दुप्पट मोठे केले म्हणून खलाशी दुप्पट लागत नाहीत, इंधनही दुप्पट लागत नाही. म्हणून प्रत्येक कंटेनरमागचा खर्च उतरतो. जगाचा व्यापार वाढला त्यात या गणिताचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवे. नाशिकचे द्राक्ष युरोपच्या दुकानात परवडणाऱ्या भावात पोहोचते, तेही या कंटेनरमुळेच.

पण दुसरी बाजू बघा. एवढी जहाजे बांधायला प्रचंड भांडवल लागते. ते ज्यांच्याकडे आहे तेच टिकतात. दक्षिण कोरियाची हांजिन कंपनी ऑगस्ट २०१६ मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या जहाजांवरचा अब्जावधी डॉलरचा माल समुद्रातच लटकला, कारण पैसे मिळण्याची खात्री नसल्याने बंदरे जहाजांना आत घेईनात. त्यानंतर विलीनीकरणे झाली. आज जगाच्या कंटेनर क्षमतेचे पाच हिस्से केले तर चार हिस्से पहिल्या दहा कंपन्यांच्या हातात आहेत. त्यातही मॅर्स्क आणि हापाग-लॉइड फेब्रुवारी २०२५ पासून ‘जेमिनी’ नावाने एकत्र फेऱ्या चालवतात, बाकीच्यांचे आपापले गट आहेत आणि पहिल्या क्रमांकाची एमएससी बहुतांशी स्वतःच्या बळावर चालते.

बाजार समितीत दहाच व्यापारी असतील आणि तेही गट करून बोली लावत असतील तर लिलावाचे काय होते, हे सायखेड्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. समुद्रावर तेच चालले आहे. कोरोनाच्या काळात कंटेनर मिळेनासे झाले, भाडी आकाशाला भिडली आणि २०२२ या एका वर्षात मॅर्स्कने सुमारे २९ अब्ज डॉलर नफा कमावला. युरोपीय संघाने जहाज कंपन्यांच्या अशा गटांना स्पर्धा कायद्यातून दिलेली खास सूट एप्रिल २०२४ मध्ये संपू दिली, कारण ग्राहकाला त्याचा फायदा होतो असे तिथल्या आयोगाला दिसेना. आपल्याकडे मात्र या विषयावर साधी चर्चाही होत नाही.

आणखी एक गोष्ट. हे सर्वांत मोठे वर्ग मुळात चीन ते उत्तर युरोप या मार्गासाठी बांधलेले आहेत. भारताच्या वाट्याला बहुतेकदा त्याहून लहान जहाजे येतात. वरच्या मार्गावर नवे मोठे जहाज लागले की तिथले जुने खाली आपल्या मार्गावर उतरवले जाते. पुण्या-मुंबईला नवी एसटी गेली की जुनी गाडी तालुक्याला मिळते, तसेच. त्यामुळे आपल्याकडे येणारे जहाजही वर्षागणिक मोठे होत जाते, पण कोणते, कधी आणि किती वेळा येणार हे आपण ठरवत नाही. जहाज मोठे झाले की फेऱ्या कमी होतात, आणि एक फेरी चुकली तर पुढचीसाठी आठवडा थांबावे लागते. पोलादासाठी आठवडा म्हणजे काहीच नाही. द्राक्षासाठी आठवडा म्हणजे सगळेच.

तांबड्या समुद्राचा धडा

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर २०२४ चा हंगाम आठवा. गाझावरील युद्धाच्या पार्श्वभूमीवर येमेनच्या हुथींनी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मॅर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड अशा बड्या कंपन्यांनी तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. आणि हे नेमके झाले केव्हा? नाशिकची द्राक्षे काढणीला आली तेव्हा.

द्राक्षाची निर्यात म्हणजे घड्याळाशी शर्यत. बागेतून माल निघाला की प्रीकुलिंग, मग शून्य अंशाच्या आसपास शीतगृह, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड, मग रीफर कंटेनर. देठ हिरवा राहिला तर भाव, देठ सुकला की भाव गेला. तीन-साडेतीन आठवड्यांच्या प्रवासाचा हिशेब धरलेला माल पाच आठवडे समुद्रात राहिला. कंटेनरचे भाडे दुपटीहून अधिक झाले. युरोपच्या दुकानदाराला उशिराची सबब चालत नाही, त्याच्याकडे दक्षिण आफ्रिका, पेरू, चिलीचा माल असतोच.

मग हा वाढीव खर्च कुणी सोसला? जहाज कंपनीने अधिभार लावला आणि निर्यातदाराकडून वसूल केला. निर्यातदाराने बागेतल्या भावात तो कापला. शेतकऱ्याने पुढे कुणाकडून कापायचा? तो साखळीच्या टोकाला उभा आहे. अनेक व्यवहारांत थोडी उचल आधी आणि बाकी पैसे परदेशात माल विकल्यावर, अशी पद्धत असते. म्हणजे समुद्रातल्या प्रत्येक दिवसाची जोखीम त्याची, पण जहाज कंपनीशी त्याचा कागदावर कसलाच संबंध नाही.

आता गंमत पाहा, अर्थात कडू गंमत. २०२१-२२ च्या नफ्यातून कंपन्यांनी ज्या मोठ्या जहाजांच्या ऑर्डरी दिल्या, ती २०२३-२४ मध्ये तयार झाली. जहाजे जास्त झाल्याने भाडी कोसळणार, असे सगळे म्हणत होते. आफ्रिकेच्या वळशाने ती सगळी जहाजे कामाला लागली आणि भाडी टिकली. गाझातल्या लेकरांवर बॉम्ब पडत होते, येमेनमध्ये हल्ले-प्रतिहल्ले चालू होते, निफाडचा बागायतदार हवालदिल होता आणि त्याच काळात कंपन्यांचे ताळेबंद सावरत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात शस्त्रसंधी झाल्यावर सुएझकडे परतण्याची चर्चा सुरू झाली. पण परतीचा निर्णय विमा कंपन्या आणि जहाज कंपन्या आपापल्या सोयीने घेतात, आपल्या काढणीचे वेळापत्रक बघून नाही.

खलाशांचाही विचार करायला हवा. एव्हर गिव्हन अडकले तेव्हा त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. एप्रिल २०२४ मध्ये इराणने ‘एमएससी एरीज’ ताब्यात घेतले, त्यावर १७ भारतीय होते. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली आहेत. जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, आणि जीव मात्र आपल्या पोराचा धोक्यात.

आपले जहाज कुठे आहे?

एक काळ असा होता की मुंबईहून हाजी समुद्रमार्गे जात. १८७७ मध्ये सुरू झालेली मोगल लाइन ही कंपनी पुढे सरकारी झाली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली. हजची जहाजे १९९५ पर्यंत चालली. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आठवतात. म्हणजे जहाज चालवणे या देशाला नवे नाही.

पण कंटेनरच्या युगात आपण मागे पडलो. शिपिंग कॉर्पोरेशनची कंटेनर जहाजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि साडेचार हजारांच्या आतल्या क्षमतेची आहेत. आपला जो माल एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागतो, त्यातला सुमारे पाऊण हिस्सा कोलंबो, सिंगापूर, क्लांग अशा परदेशी बंदरांत हाताळला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर फ्रान्सच्या सीएमए सीजीएम कंपनीने कोचीन शिपयार्डकडून सहा कंटेनर जहाजे बांधून घेण्याचे ठरवले. प्रत्येकाची क्षमता १,७००. सुरुवात म्हणून हे चांगलेच आहे. पण २४,००० आणि १,७०० या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात ठेवून आनंद साजरा करावा.

वाढवणचा प्रश्न

मोठ्या जहाजांसाठीच महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर होत आहे. न्हावा शेवाच्या खाडीत गाळ काढून सुमारे १५ मीटर खोली मिळवली आहे. सर्वांत मोठी जहाजे पूर्ण भरली की १६ मीटरहून अधिक पाणी मागतात, त्यामुळे तिथे ती अर्धवट भरून किंवा भरती बघूनच आणावी लागतील. वाढवणला निसर्गतःच सुमारे २० मीटर खोली आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली. नऊ कंटेनर टर्मिनल, त्यातले प्रत्येक एक हजार मीटर लांब, आणि समुद्रात भराव टाकून तयार होणारी १,४४८ हेक्टर जमीन.

सायखेड्याच्या दृष्टीने पाहिले तर खोल बंदर फायद्याचे आहे. युरोपला जाणारे जहाज थेट इथून निघाले, मध्ये कुठे कंटेनर उतरवावा लागला नाही, तर दिवस वाचतात. पण त्याच समुद्रावर जगणाऱ्या मच्छीमाराचे काय? वाढवण, वरोर, डहाणूचे मच्छीमार आणि डायमेकर वर्षानुवर्षे विरोध करत आहेत. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने याच ठिकाणचे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली, आणि तिला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. कायद्याची पायरी ओलांडली म्हणून माणसाचा प्रश्न सुटत नाही.

धोका कल्पनेतला नाही. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनरसह बुडाले. त्यातल्या १३ कंटेनरमध्ये घातक माल होता. प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर पसरले, मासेमारी बंद पडली, आणि केरळ सरकारला ९,५३१ कोटींच्या भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. तेही इरिनाच्या तुलनेत अगदी लहान जहाज होते. म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी: शेतकऱ्याचा फायदा मच्छीमाराच्या पोटावर पाय देऊन नको. जाळे टाकण्याची जागा जाणार असेल तर भरपाई, पर्यायी रोजगार आणि अपघाताच्या वेळी लगेच मिळेल असा निधी, हे सगळे पहिले जहाज लागण्याआधी ठरले पाहिजे.

मग करायचे काय?

सगळा दोष जहाजांवर ढकलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कांद्याचे सर्वाधिक नुकसान समुद्राने नाही, दिल्लीने केले. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरची किमान किंमत, डिसेंबरमध्ये थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले, आणि ते पूर्णपणे गेले १ एप्रिल २०२५ रोजी. या दीड वर्षात परदेशातल्या ग्राहकाने दुसरे दुकान शोधले. जहाज कितीही मोठे असो, माल चढवायलाच मनाई असेल तर त्याचा उपयोग काय? म्हणून पहिली मागणी ही की निर्यात धोरण हंगामाच्या आधी जाहीर व्हावे आणि हंगामभर टिकावे.

दुसरी गोष्ट घराजवळची. निफाड साखर कारखान्याच्या जागेवर ड्रायपोर्ट होणार, असे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. सीमाशुल्काची तपासणी इथेच झाली, रीफर कंटेनरला वीज इथेच मिळाली आणि रेल्वेने माल थेट बंदरात गेला, तर बंदराच्या दारात दोन-दोन दिवस ट्रक उभे राहणार नाहीत. ७६ हजार कोटींच्या बंदरासाठी पैसा आहे, तर तालुक्यातल्या या कामासाठी का नसावा? लोकप्रतिनिधींनी याचे उत्तर तारखेसह द्यावे.

तिसरी गोष्ट कायद्याची. २०२५ मध्ये संसदेने समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा बदलून नवा आणला. पण तो ज्या जुन्या आंतरराष्ट्रीय नियमांवर उभा आहे, त्यांत माल हरवला किंवा खराब झाला तर जबाबदारी आहे, नुसता उशीर झाला तर भरपाईची स्पष्ट तरतूद नाही. नाशवंत मालाच्या बाबतीत उशीर हेच नुकसान असते. नियम करताना सरकारने हा मुद्दा घ्यावा, किंवा पीकविम्यासारखी उशिराच्या जोखमीची विमा योजना तरी आणावी.

चौथी गोष्ट आपल्या हातात आहे. एकटा बागायतदार जहाज कंपनीशी बोलू शकत नाही, एकटा लहान निर्यातदारही नाही. पण शेतकरी उत्पादक कंपन्या एकत्र येऊन हंगामाआधीच कंटेनरची संख्या आणि भाड्याचा करार करू शकतात. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली होती, तो मार्ग आपल्याला नवा नाही. समोरचे दहा जण गट करून बसले असतील तर आपणही गटाने बसले पाहिजे. आणि आपली शिकलेली मुले नुसत्या आखाताच्या व्हिसामागे न लागता सीमाशुल्क, शीतसाखळी, निर्यात कागदपत्रे, जहाज विमा ही कामे शिकली, तर गावातच रोजगार आहे आणि हिशेब समजणारा माणूसही आपलाच असेल.

इरिनासारखी जहाजे येत राहतील. त्यापेक्षा मोठी आज-उद्या येतील की नाही, हे कोरिया आणि चीनच्या गोद्यांत ठरेल. पण त्या जहाजात चढणाऱ्या कंटेनरचे भाडे किती, उशिराचा तोटा कुणाचा आणि बंदरासाठी कुणी काय गमावले, हे प्रश्न इथे ठरवता येतात. येत्या द्राक्ष हंगामात माल देण्याआधी निर्यातदाराला एवढे तरी विचारा: जहाज कोणत्या मार्गाने जाणार, भाडे आणि अधिभार किती, आणि माल उशिरा पोहोचला तर तोटा कुणी सोसायचा? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.